पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पहिला रीफ टँक: काय घ्यायचं, काय टाळायचं

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. त्यावरची ऑनलाइन माहिती बहुतेक अमेरिकेतली नाहीतर युरोपातली असते. तिकडचा माणूस जानेवारीत पाणी गरम कसं ठेवायचं या काळजीत असतो. आपल्याला एप्रिलमध्ये ते गार कसं ठेवायचं हे बघायचं आहे. तिकडे दुकानातून जे कोरल उघड विकत मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्याकडे घरात ठेवणं गुन्हा आहे. म्हणून हा लेख आपल्या हवेत, आपल्या विजेवर आणि आपल्या कायद्यात बसणाऱ्या पहिल्या टँकसाठी. गोड्या पाण्याचे मासे तुम्ही कधी ना कधी पाळलेत असं गृहीत धरतो. नसतील पाळले, तर आधी एखादं वर्ष ते करा.

१. आधी कायदा, मग खरेदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली प्रवाळखडक बांधणारी सगळी टणक कोरल, काळं कोरल, सी-फॅन, ऑर्गन पाइप कोरल आणि फायर कोरल घातली गेली. वाघ ज्या यादीत आहे, तीच ही यादी. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही कायद्याचं संरक्षण आहे.

दुकानदार म्हणतो, “साहेब, हे इंडोनेशियाचं, इंपोर्टेड आहे.” टणक कोरल साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातही येतात आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगायचे तर सरकारदरबारी नोंद लागते. आयातीचे कागद मागून बघा, बहुतेक वेळा विषय बदलतो.

इथे नवखा माणूस हमखास फसतो. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन ही कोरल पाण्यात मऊ मऊ डोलतात, म्हणून ती ‘सॉफ्ट’ वाटतात. त्यांच्या बुडाशी हात लावून बघा, चुन्याचा सांगाडा लागतो. ती टणक कोरलच. गोनिओपोरा, ब्रेन, अकान यांचंही तेच. दुकानात ‘एलपीएस’ म्हटलं की टणक समजायचं.

मग उरतं काय? झोआ, मशरूम, लेदर, झेनिया ही मऊ, म्हणजे सॉफ्ट कोरल. ही या टणक गटात मोडत नाहीत, आणि नशिबाने नवख्याच्या हातूनही जगतात. पहिला टँक याच मंडळींचा करा. दिसायला तो कुठेही कमी पडत नाही. प्रत्येक जिवाचं नावानिशी बिल घ्या आणि जपून ठेवा.

मालवण-रत्नागिरीला गेलात तर किनाऱ्यावरचा दगड किंवा मेलेलं कोरल उचलून आणू नका. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जातो तो नैसर्गिक दगड म्हणजे जुन्या कोरलचा सांगाडाच असतो. आपण कृत्रिम, कोरडा दगड वापरणार आहोत.

२. आकार आणि जागा

तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पहिल्या टँकला हे माप योग्य. साधारण १९० लिटर पाणी बसतं. “आधी छोटा घेऊन बघतो” म्हणून लोक वीस-पंचवीस लिटरचा नॅनो घेतात आणि तिथेच अडकतात. पाणी कमी असलं की दुपारच्या उन्हाने, एका मेलेल्या गोगलगायीने किंवा दोन दिवसांच्या बाष्पीभवनाने सगळी गणितं बिघडतात. चार-पाच फुटी टँक मात्र खिशाला आणि पाठीला झेपत नाही.

पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप (टँकखाली ठेवायची पाणी फिरवण्या-गाळण्याची दुसरी टाकी) धरून वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. टँक भिंतीलगत, जिच्याखाली बीम आहे अशा जागी ठेवा. बाल्कनीत नको, खिडकीसमोर नको. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. स्टँड लोखंडी असेल तर पावडर कोटिंग हवंच, खारं पाणी साधा रंग टिकू देत नाही. स्टँड लेव्हल बॉटलने चारही बाजूंनी तपासायचा आणि काचेखाली फोमची शीट घालायची.

३. सामानाची यादी

- टँक (१० मिमी काच), ओव्हरफ्लो (वरचं पाणी संपमध्ये सोडणारी वाट) आणि खाली संप
- रिटर्न पंप: संपमधलं पाणी वर चढवणारा, तासाला टँकचं पाणी ४-५ वेळा फिरवेल असा
- वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप): एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम, समोरासमोर
- प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसासोबत घाण बाहेर काढणारं यंत्र
- रीफसाठीचा एलईडी लाइट
- चिलर, सोबत वेगळा थर्मामीटर
- आरओ-डीआय यंत्र (आरओच्या पुढे उरलेले क्षार काढणारं रेझिन) आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा)
- रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजणारं उपकरण) आणि त्याचं ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण
- रीफ सॉल्ट, फूडग्रेड ड्रम, ढवळायला जुना पंप
- कोरडा दगड साधारण १५ ते २० किलो, अ‍ॅरागोनाइट वाळू
- टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी (पाण्याचा सामू स्थिर ठेवण्याची ताकद)
- ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र
- क्वारंटाइनसाठी दीड-दोन फुटी साधी टाकी
- बॅटरीवरचा एअर पंप
- घरात नसेल तर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग

काचेची टाकी हा या यादीतला स्वस्त भाग आहे. पैसा चिलर, लाइट आणि स्किमरमध्ये जातो. बजेट कमी असेल तर लाइट मध्यम घ्या, सॉफ्ट कोरलला फार प्रखर उजेड लागत नाही. पाणी शुद्ध करण्यात आणि गार ठेवण्यात मात्र काटकसर नको. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांत फिरून भाव काढा. जुनं सामान घेणार असाल तर पंप आणि स्किमर चालतील, पण काच आणि चिलर चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. तांब्याचं औषध पडलेली टाकी तर फुकट मिळाली तरी नको, कारण काचेच्या सिलिकॉनमधून तांबं नंतरही झिरपू शकतं आणि कोळंबी, गोगलगायी, कोरल त्याने मरतात.

४. पाणी

“घरी आरओ आहे की!” हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. घरच्या आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल काडतूस असतं. ते चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. मीटर लावून बघा, आकडा सहसा पन्नासच्या पुढे येतो. आपल्याला हवा आहे शून्य. म्हणून आरओच्या पुढे डीआय रेझिनचा टप्पा लागतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपतं. मीटर शून्यावरून हलला की ते बदलायचं. इथे हयगय केली तर सिलिकेट, फॉस्फेट आत जातात आणि शेवाळ वर्षभर पाठ सोडत नाही.

“मग जुहूहून समुद्राचंच पाणी आणलं तर?” नको. शहराजवळच्या समुद्रात सांडपाणी, तेल आणि नाल्यांचं पाणी असतं, आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. स्वयंपाकघरातलं मीठही नको, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं ते प्रमाण नसतं.

मीठ कालवायची रीत अशी. ड्रममध्ये आधी पाणी, त्यात पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. उलट केलंत, म्हणजे मिठावर पाणी ओतलंत, तर कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं खाली बसतं आणि परत विरघळत नाही. लिटरला ३५ ते ४० ग्रॅम मीठ लागतं. पुडक्यावरचं प्रमाण बघा, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. एक रात्र फिरू द्या. प्राणी असलेल्या टँकमध्ये थेट मीठ कधीही टाकू नका.

आता जिथे सगळ्यांचा गोंधळ होतो ती गोष्ट. टँकमधून उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर साध्या, बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची घालायची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना. हे उलटंपालटं झालं की आठवडाभरात खारेपणा चढतो, कोरल मिटून बसतात आणि कारण सापडत नाही.

५. गारवा

पाण्याचं तापमान २५ ते २६ अंश ठेवा. २८ च्या पुढे पाण्यात प्राणवायू कमी मावतो, ३० च्या पुढे कोरल रंग सोडायला लागतात. पंप आणि लाइट स्वतःही पाणी तापवतात, त्यामुळे पाणी खोलीपेक्षा एक-दोन अंश वरच असतं.

पाण्यावर पंखा लावणं हा स्वस्त उपाय. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा थोडा उपयोग होतो. मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही, कारण तिथे पाणी उडतच नाही. म्हणून चिलर. या मापाला पाव हॉर्सपॉवरचा पुरतो. तो जी गरम हवा फेकतो तिला जायला वाट ठेवा. बंद कपाटात कोंडलात तर तो दिवसभर चालूनही पाणी गार करत नाही. असा चिलर ३०० वॉटच्या आसपास वीज खातो. दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ९० युनिट. महावितरणच्या बिलात युनिट वाढले की दरही वरच्या टप्प्यात जातो, हे घरात आधीच सांगून ठेवा.

६. दगड, वाळू आणि पहिली भरणी

दगड आधी, वाळू नंतर. दगड थेट तळकाचेवर टेकवा आणि एपॉक्सीने एकमेकांना पक्के करा. वाळूवर रचलेला ढीग गोबीसारखा बिळं करणारा मासा खालून पोखरतो आणि ढीग कधीतरी काचेवर येतो. मागच्या काचेपासून हात जाईल एवढं अंतर सोडा, मध्ये गुहा आणि बोगदे ठेवा. दगड पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत चढवू नका, कोरलला वाढायला वर जागा लागते. वाळू एक-दीड इंच बास. धुऊन घाला, तरी एक-दोन दिवस पाणी दुधाळ दिसेल.

पाणी भरून सगळं चालू झालं की रिटर्न पंपाचा प्लग मुद्दाम काढा आणि संपकडे बघत उभे राहा. वरचं पाणी रिटर्नच्या पाइपातून आणि ओव्हरफ्लोतून खाली येऊ लागतं, संपमधली पातळी चढत जाते आणि पाइपाचं तोंड उघडं पडून ‘सूंऽ’ करून हवा ओढली की थांबते. तिथे मार्करने रेघ मारा. ती काठाच्या किमान दोन बोटं खाली हवी. नसेल तर पाइपाचं तोंड वर घ्या किंवा संपमधलं पाणी कमी करा. ही परीक्षा आज घेतली नाही, तर वीज गेल्यावर ती आपोआप होते आणि निकाल खालच्या मजल्यावरचे काका सांगायला येतात.

प्लगच्या आधी प्रत्येक वायरला खाली लोंबता झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर पडेल.

७. सायकल: मासे नसलेला महिना

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू दगडांवर वसेपर्यंत आत मासा सोडायचा नाही. दुधाला विरजण लावावं तसं बाटलीतल्या जिवाणूंनी सुरुवात करा आणि त्यांना खायला अमोनिया द्या: थेंबांनी मोजून, किंवा बाजारातली एक कच्ची कोळंबी जाळीच्या पिशवीत टाकून. थेंबांची पद्धत बरी, घरात वास येत नाही.

चार ते सहा आठवडे लागतात. झालं की नाही हे कॅलेंडर बघून ठरवू नका. २ पीपीएमपर्यंत (दशलक्ष भागांत दोन भाग) अमोनिया चढवा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर सायकल पूर्ण. या काळात लाइट बंदच ठेवा. दुकानदार “दोन डॅमसेल सोडा, सायकल होऊन जाईल” म्हणेल. मासे जळजळीत पाण्यात तडफडतात, आणि त्यातून वाचलेली डॅमसेल पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला झोडपते. तिला पकडायला सगळे दगड उपसावे लागतात.

८. कुरूप महिने

सायकल संपून लाइट लागला की आधी वाळूवर तपकिरी थर येतो, मग दगडांवर हिरवे केस, कधी लाल-जांभळी साय. बहुतेक टँक इथेच ओएलएक्सवर जातात. हा टप्पा सगळ्यांचा येतो आणि दोन-चार महिन्यांत ओसरतो. टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी आणि थोडे हर्मिट खेकडे सोडा, हाताने शेवाळ उपटा, खाणं कमी करा, लाइट आठ तासांवर ठेवा. बाटलीतली ‘शेवाळनाशक’ औषधं टाळा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्य करायच्याही मागे लागू नका, कारण त्या ओसाड पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचा याहून चिवट चिकटा येतो. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असलं की सॉफ्ट कोरल खूश असतात.

९. मासे

या मापात चार-पाच लहान मासे, बास. पहिली क्लाउनफिशची जोडी, तीही पैदास केलेली. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) आणि तमिळनाडूतल्या अण्णामलई विद्यापीठाच्या परंगीपेट्टई केंद्राने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे. असे मासे गोळीखाणं लगेच खातात आणि काचेच्या घरात बुजत नाहीत. दोन लहान पिल्लं घ्या. सगळे क्लाउन जन्मतः नरच होण्याच्या वाटेवर असतात, जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. तीन घेऊ नका, तिसऱ्याला मार बसतो. त्यांना अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल) लागतेच असं नाही. नव्या टँकमध्ये अ‍ॅनिमोनी फिरत फिरत वेव्हमेकरमध्ये जाते आणि सगळं पाणी नासवते.

पुढे फायरफिश, वॉचमन गोबी, बँगाई कार्डिनल. टँकला झाकण म्हणून जाळी लावा, फायरफिश उडी मारतो. सिनेमातली निळी ‘डोरी’ या टँकमध्ये मावत नाही, तिला सहा फुटी टाकी लागते. मँडरिन दिसायला अप्रतिम, पण तो सूक्ष्म कोपेपॉड टिपत जगतो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो.

प्रत्येक मासा आधी चार आठवडे क्वारंटाइनमध्ये. वाळू-दगड नसलेली टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे तुकडे. पांढरे ठिपके (क्रिप्टोकॅरिऑन) किंवा मखमली थर (अमायलूडिनियम) दिसला तर तांब्याचं औषध इथेच द्यायचं, मुख्य टँकमध्ये कधीच नाही. रोग मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून तो किमान सहा आठवडे, शक्यतो अकरा, माशांविना चालवावा लागतो. एवढं वाचूनही अर्धे लोक क्वारंटाइन टाळणार, हे मला माहीत आहे.

१०. कोरल

पहिलं कोरल चौथ्या-पाचव्या महिन्यात. मशरूम आणि झोआ खाली, लेदर मध्यावर. झेनिया एका सुट्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळीकडे पसरतो. कोरल आत सोडण्याआधी कोरल-डिपमध्ये (कीड काढायच्या द्रावणात) बुडवून हलवा, तळाशी किडे आणि चपटे जंत गळून पडलेले दिसतील. जागा दिली की दोन आठवडे हलवू नका.

झोआ आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, कापताना तर नक्कीच. आणि दगड ‘निर्जंतुक’ करायला कधीही उकळू नका. वाफेतून विष हवेत जाऊन अख्खी कुटुंबं दवाखान्यात दाखल झाल्याचे प्रकार परदेशात नोंदले गेले आहेत. घरातल्यांनाही हे सांगून ठेवा.

११. रोजचं आणि आठवड्याचं

रोज तापमान बघणं, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, स्किमरचा कप. आठवड्याला खारेपणा आणि अल्कलिनिटी (८ ते ९ डीकेएच) तपासून १० टक्के पाणी बदलायचं. सॉफ्ट कोरलच्या टँकला एवढ्यावर कॅल्शियम वगैरे वेगळं घालावं लागत नाही. कपाट भरून अ‍ॅडिटिव्ह विकणाऱ्याला हसून नमस्कार करा.

टँकच्या खोलीत हिट, मच्छर अगरबत्ती, पेस्ट कंट्रोल, ताजा ऑइलपेंट नको. कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांना सगळ्यात आधी मारतात, आणि एअर पंप व स्किमर खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतात. दिवाळीच्या रंगकामाचं आधीच ठरवा.

१२. वीज गेली तर, गावाला गेलात तर

पुण्यात गुरुवार हा वीजदुरुस्तीचा वार, त्यामुळे काही तासांचा खंड गृहीतच धरा. वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर जोडा, चिलर नको, तो बॅटरी लवकर खातो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप. उन्हाळ्यात वीज लांबली तर बर्फ झिपलॉक पिशवीत बंद करून संपमध्ये तरंगवा, थेट पाण्यात टाकू नका. त्या वेळात मासे खायला घालू नका.

गणपतीला आठ-दहा दिवस कोकणात जाणार असाल तर निघण्याच्या चार दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नाही. नवं काहीच आणू नका. टॉप-ऑफचा ड्रम भरा. शेजारच्या काकूंना माशांच्या डब्याकडे फिरकू देऊ नका, त्या प्रेमाने मूठभर घालतील. औषधांच्या गोळ्यांच्या वारांच्या डबीत दिवसाआड एक चिमूट घालून तीच डबी त्यांच्या हातात द्या. टँकच्या बाजूला कागद चिकटवा: तापमान २८ च्या वर गेलं तर फोन करा, पाण्याचा आवाज बदलला तर फोन करा, वीज आल्यावर वेव्हमेकर फिरतोय का बघा. आणि संपला पाणी कुठून येतं, कोणता प्लग कशाचा, हे प्लगांवरच चिठ्ठ्या लावून लिहा.